चाके एकीची, घर दुसरीचे

मोटारीचे इंजिन धडधाकट असते आणि तिचा देह मात्र गंजून जातो. फोक्सवॅगनच्या 'सिंक्रो' गाडीच्या नशिबी पुष्कळदा हेच आले.

जर्मनीत 1951 पासून वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या मोटारींत बिछाना व कपाटे बसवून चालती घरे सिद्ध केली. परंतु इंजिनाचे बळ मागच्या दोनच चाकांना मिळे. वाळूत वा चिखलात गाडी रुतून बसे. पुढे गुस्टाव्ह मायर व हेनिंग डुकश्टाइन या अभियंत्यांनी चारही चाकांना बळ देणाऱ्या गाड्या सहारात नेऊन पारखल्या. त्याचे फळ म्हणजे ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे 1985 पासून 1992 पर्यंत तयार झालेली सिंक्रो. तिच्यात डिझेल इंजिनही मिळे. मागची चाके घसरू लागली, की सिलिकोन तेलात फिरणाऱ्या चकत्या पुढच्या चाकांकडे बळ पोचवीत.

या गाडीला वेगळी चौकट नव्हती. तळ आणि भिंती एकसंध होत्या. त्यामुळे गंजलेल्या सिंक्रोची यंत्रे दुसऱ्या निरोगी घर-गाडीत बसवायची, तर नुसते बोल्ट सोडून भागत नाही. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला वाट हवी. म्हणून साध्या गाडीत पुढे असणारी इंधनाची टाकी मागे न्यावी लागते, तळाला आधाराचे पोलाद वेल्डिंगने जोडावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? ग्राट्सचे काम थांबल्यावर तशी नवी सिंक्रो पुन्हा निघाली नाही. दोन निकामी गाड्यांतून एक चालती करणे, हा तिला टिकविण्याचा एक मार्ग आहे.