बीटलचे मूळ रूप

जर्मन कुटुंबे गॅरेजात जुनी बीटल दुरुस्त करायला घेतात, तेव्हा खरी झुंज दारांखालच्या पोकळ पट्ट्यांशी असते. इंजिनची ऊब त्यांतूनच आत येते आणि गंजही तिथेच धरतो. तो कापून नवा पत्रा जोडायचा, ‘मूळ रूप’ आणायचे, मग सहकुटुंब सहल. लोभस छंद! पण मूळ कोणते, हा प्रश्न मला सुटत नाही. १९३८ मध्ये नाझी राजवटीने ९९० मार्कांची ही गाडी जाहीर केली. आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट बचतकार्डावर चिकटवायचे. सुमारे ३,३६,००० जणांनी पैसे भरले, गाडी एकालाही मिळाली नाही. युद्धकाळात कारखान्यात वेठबिगार राबले. युद्धानंतर बचतदार कोर्टात गेले. १९६१ मध्ये तडजोड झाली : नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर रोख १०० मार्कांपर्यंत.