टाकसाळीची चूक की नंतरचा घाव? नाणे असे तपासा

आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बू एक रुपयाचे नाणे घेऊन शाळेत आले. एका बाजूला आकडा आणि साल, दुसरी बाजू साफ कोरी. फोनवर कुणीतरी सांगितले होते, हे ‘एरर कॉइन’ आहे, लाखाला जाईल, फक्त नोंदणीचे २ हजार आधी पाठवा. पैसे पाठवण्याआधी आले हे बरे झाले.

सोनाराच्या काट्यावर नाणे ३.९ ग्रॅम भरले. १९९२ पासून निघालेल्या या स्टीलच्या रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम. म्हणजे जवळपास एक ग्रॅम धातू कुणीतरी घासून काढला होता. भिंगाखाली घासल्याच्या बारीक रेघाही दिसल्या. एका बाजूला कोरी नाणी टाकसाळीतून खरोखर निघतात. दोन चकत्या एकावर एक येऊन एकदमच दाबल्या गेल्या की असे होते. पण तेव्हा वजन पूर्ण भरते.

इथेच सगळी गोम आहे. कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती कडे असते आणि एका दाबात नाणे तयार होते. चूक खरी असेल तर ती याच क्षणी किंवा त्याआधी झालेली असते. म्हणून आम्ही मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे ठशांच्या मध्ये घडू शकते का?

ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर *उठावदार* रेघ येते. ओरखडा मात्र खोलगट असतो, त्याच्या काठाला सरकलेला धातू बोटाला लागतो. हातोडीच्या घावाने अक्षरे चेपतात.

चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेले नाणे दिसले तर बरोबर समोरची किनार पाहा. चकती कापतानाच तुकडा गेला असेल तर समोरची किनार बहुधा पुसट उठते, कारण तिथे पुरेसा दाब बसत नाही. समोरची किनार ठसठशीत असेल तर संशय घ्यावा, कानशीने किंवा कात्रीने केलेले काम असू शकते.

सर्वात जास्त फसवणूक उलट्या छापाची. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याचा खोलगट, आरशातल्यासारखा उलटा छाप उमटतो. अशा नाण्यावर त्या बाजूचे मूळ चित्र नसतेच. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेल्या नकलेत मूळ चित्र चपटे होऊन खाली उरलेले असते. ते दिसले की विषय संपला.

काळपट किंवा तांबूस रंग, रेल्वे रुळावर चपटे झालेले, अ‍ॅसिडमध्ये टाकून पातळ केलेले, ही सगळी निव्वळ खराब झालेली नाणी.

दादी-नानीच्या पेटीतल्या चांदीच्या रुपयांना मात्र दुसरा नियम. शाह आलमच्या नावाचे बरेच रुपये हाताने ठोकलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अर्धी फारसी अक्षरे बाहेर जाणे ही तिथली रीतच, चूक नव्हे. बारीक छिन्नीच्या खुणा बहुधा सराफाने चांदी तपासल्याच्या. राणी छाप रुपयाच्या वरच्या कडेला डाग किंवा गोळा दिसला तर तिथे कधीकाळी माळेची कडी जोडली होती असे समजा. आणि उजळवायला चिंच-राख लावू नका, संग्राहक घासलेले नाणे लगेच ओळखतात आणि भाव पाडतात.

रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, ती कमिशन किंवा फी मागत नाही. ७८६ नंबरच्या नोटांच्या जाहिरातींनाही हीच कसोटी लावा.

अब्बूंनी ते नाणे आमच्याकडेच ठेवले. आता वर्गात मुले त्याच्या शेजारी धड रुपया ठेवून दोन्हींचे वजन करून पाहतात.