२ इंची स्टील पाइपचं वजन किती? बिल देण्याआधी असा करा हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यात फॅब्रिकेशनची दुकानं, एमआयडीसीतले कारखाने आणि नव्या सोसायट्या अशा सगळ्यांनाच स्टीलचे पाइप लागतात. पाइप मागितला जातो इंचात, पण बिल अनेकदा होतं किलोवर. त्यामुळे वजनाचा हिशेब ठाऊक नसेल, तर फसगत होऊ शकते.

सूत्र काय आहे?

पाइपच्या बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा. आलेल्या आकड्याला जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणा. व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेतली, की १ मीटर पाइपचं वजन किलोत मिळतं. स्टीलची घनता प्रति घनमीटर ७,८५० किलो असते. त्यावरून ०.०२४६६ हा आकडा आला आहे.

२ इंच म्हणजे नेमकं किती?

इथेच सर्वाधिक चूक होते. २ इंच हे फक्त पाइपचं नाव. भारतीय मानक आयएस १२३९ नुसार त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६०.३ मिमी असतो. जाडी ३.६ मिमी असेल, तर (६०.३ − ३.६) × ३.६ × ०.०२४६६ = ५.०३ किलो. म्हणजे ६ मीटरचा एक पाइप सुमारे ३० किलोचा.

२ इंचाचे ५०.८ मिमी धरून हिशेब केला, तर वजन ४.१९ किलोच येतं. अशा १०० पाइपच्या अंदाजात सुमारे अर्ध्या टनाचा फरक पडतो.

ए, बी आणि सी क्लास

२ इंची पाइप तीन जाडींत मिळतो. प्रति मीटर वजन साधारण असं:

• ए क्लास (हलका), पिवळा पट्टा: जाडी २.९ मिमी, ४.१ किलो
• बी क्लास (मध्यम), निळा पट्टा: जाडी ३.६ मिमी, ५ किलो
• सी क्लास (जड), लाल पट्टा: जाडी ४.५ मिमी, ६.२ किलो

बाहेरून तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. नगावर किंवा फुटावर खरेदी करताना बी क्लासच्या दरात ए क्लास मिळाला, तर प्रत्येक पाइपमागे साडेपाच किलो स्टील कमी येतं. पाण्याचा दाब सोसणाऱ्या लाइनमध्ये कमी जाडी धोक्याचीही ठरते.

पाण्याचं वजन विसरू नका

बारवी धरणाचं पाणी या भागात येतं. अशा योजनांमध्ये मोठ्या व्यासाचे पाइप लागतात. उदाहरणार्थ, १,०१६ मिमी व्यासाचा आणि १० मिमी जाडीचा पाइप घेतला, तर त्याचं वजन मीटरमागे २४८ किलो भरतं. आतलं पाणी मात्र सुमारे ७७९ किलो असतं. क्रेन आणि ट्रकसाठी रिकाम्या पाइपचं वजन पाहतात. खालचा आधार मात्र मीटरमागे एक टनाहून जास्त भार धरूनच बांधावा लागतो.

खरेदी करताना

• ऑर्डरमध्ये इंचासोबत क्लास, जाडी आणि मानक क्रमांक लिहा.
• पाइपच्या टोकाशी व्हर्नियरने जाडी मोजा.
• एक पूर्ण पाइप काट्यावर ठेवून सूत्राशी पडताळा. मानकात काही टक्क्यांची सूट असते आणि जीआय पाइप जस्ताच्या थरामुळे किंचित जड भरतो. फरक त्याहून मोठा असेल, तर माल उतरवून घेण्याआधीच विचारा.