मोटारीच्या आतील शांतता : एका शोधाचा इतिहास

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता नवापूर ओलांडून विसरवाडीस येतो आणि तेथून पुढे कोंडाईबारीच्या घाटास लागतो. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० सालच्या नव्या क्रमवारीत त्यास ५३ हा क्रमांक मिळाला. तापी खोऱ्यातील लोहमार्ग नवापूर, चिंचपाडा, खांडबारा असा नंदुरबारकडे वळत असल्यामुळे विसरवाडीचे दळणवळण रस्त्यावरच अवलंबून राहिले. घाट चढणाऱ्या मालमोटारी, एस. टी. च्या बसगाड्या, काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आणि गुजरातेतून येणाऱ्या नव्या बंद मोटारी या सर्वांचा आवाज या गावाने दीर्घकाळ ऐकला आहे.

गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकास या टापूत दोन प्रवास घडले. जाताना काळी-पिवळी मिळाली. तिच्या ताडपत्रीच्या टपाखाली शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर ओरडावे लागत होते. मध्येच चालकाने गाडी कडेस घेतली, “मागचं चाक बोलायला लागलंय,” एवढेच म्हणाला आणि खाली उतरून त्याने चाकाच्या तुंब्यास हात लावून पाहिला. तुंबा तापलेला होता. बेअरिंग जाण्याच्या बेतात होते. परतताना एका स्नेह्याची नवी मोटार होती. काचा वर होत्या, वातानुकूलन चालू होते आणि आम्ही अगदी हलक्या आवाजात बोलत होतो. रस्त्याने एक बैलगाडी जवळून गेली. बैलांच्या गळ्यातील घुंगूरमाळा हलताना दिसल्या, ऐकू मात्र आल्या नाहीत. या दोन प्रवासांत जे अंतर आहे ते कापण्यास मोटारविद्येस सुमारे एक शतक लागले. ते कसे कापले गेले, हा या लेखाचा विषय होय.

प्रथमदर्शनी हा विषय यंत्रशास्त्राचा वाटेल. परंतु त्याचा क्रम पाहू गेल्यास असे आढळते की, आवाज नष्ट झाल्याचे प्रसंग या इतिहासात थोडेच आहेत. एक आवाज दाबला की त्याखाली दडलेला दुसरा वर येतो, आणि मग त्याचा पाठलाग सुरू होतो. शिवाय हे काम बव्हंशी आवाजाच्या उगमापाशी झाले नाही; ते प्रवाशास आवाजापासून तोडून वेगळे करण्याने झाले.

आरंभीच्या मोटारींना बंद कक्षच नव्हता. त्यामुळे ‘शांत गाडी’ याचा अर्थ, जिचे इंजिन रस्त्यावरील माणसास ऐकू येत नाही ती गाडी, असा होता. रोल्स-रॉइस कंपनीच्या ज्या गाडीस १९०७ मध्ये ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणजे रुपेरी भूत हे नाव पडले, ते तिच्या अशा निःशब्द चालण्यामुळेच. तिच्या इंजिनास सहा सिलिंडर होते. एका ओळीतील सहा सिलिंडरांत वरखाली होणाऱ्या दट्ट्यांची बले परस्परांस जवळजवळ पूर्णपणे छेदून टाकतात. आपल्याकडेही या कंपनीच्या गाडीचे कौतुक लवकर झाले. १९०८ च्या सुमारास मुंबई ते कोल्हापूर अशा घाटवाटांच्या चाचणीत ती धावली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे अशी गाडी गेली. परंतु सहा सिलिंडर ही श्रीमंतांची सोय होती. सामान्य मोटारीस चारच सिलिंडर परवडत, आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात एक दोष उपजतच असतो : दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा उभा हिसका बसतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने उलट दिशांनी फिरणारे दोन तोल-दांडे बसवून हा हिसका मारण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच काढली होती. ती युक्ती सर्वसामान्य गाडीत मोठ्या प्रमाणावर येण्यास १९७० नंतरचा काळ आणि मित्सुबिशी ही जपानी कंपनी यावी लागली. शोध आणि त्याचा वापर यांत एवढे अंतर पडावे, याचे कारण बुद्धीच्या अभावात शोधण्याऐवजी किमतीत शोधावे, हे बरे.

खरी अडचण उभी राहिली ती गाडीस छप्पर आल्यावर. अमेरिकेत १९१९ मध्ये विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे एक दशांश बंद होत्या. १९२७ मध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास गेले. पाऊस, धूळ आणि वारा बाहेर राहिले, पण इंजिनाचा आवाज आत कोंडला गेला. आरंभीच्या बंद गाड्यांचा सांगाडा लाकडी होता आणि रस्त्यावर तो करकरत असे. शार्ल वेमान याने विमानाच्या बांधणीवरून धडा घेऊन लाकूड लाकडास कोठेही टेकणार नाही असा सांगाडा केला, त्यास धातूच्या पट्ट्यांनी सांधले आणि वर कापड चढविले. करकर थांबली, १९२० नंतरच्या दशकात हा प्रकार युरोपात बराच चालला. परंतु कापडी गाडी टिकाऊ नव्हती, आणि पोलादी पत्रा दाबून मोठ्या संख्येने सांगाडे काढण्याची कला तोवर साधली होती. १९३५ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना तर छतही अखंड पोलादाचे आले.

येथे ढोलाचा दाखला मनात आणावा. ताणलेला पातळ पत्रा हे ढोलाचे कातडे आणि कक्षातील हवा ही ढोलाची पोकळी. सुमारे दोन मीटर लांबीच्या बंद कक्षात हवेचा पहिला नाद सेकंदास सुमारे ८६ कंपनांचा असतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास २,६०० च्या जवळपास फेरे घेऊ लागले की त्याचा हिसका नेमक्या याच कंपनसंख्येवर येतो, आणि कान दडपून टाकणारी घूं घूं सुरू होते. वेग किंचित कमी-अधिक केला की ती नाहीशी होते. जुन्या चालकांना याचे गणित ठाऊक नसले, तरी अमुक वेगावर गाडी ‘घुमते’ हे पक्के ठाऊक असे. मराठी भाषेने या बाबतीत अभियंत्यांच्या आधीच वर्गवारी करून ठेवली आहे. खडखड ही सैल जोडाची, करकर ही घासणाऱ्या सांध्याची, घरघर ही फिरत्या भागाची, सूं सूं ही वाऱ्याची आणि घूं घूं ही पोकळीची. गॅरेजमधील निदान आजही याच शब्दांनी होते.

पत्र्याच्या या ढोलावर उपाय दोन निघाले. पत्र्यास आतून डांबरी थर व नमदा चिकटविला म्हणजे पत्र्याची थरथर त्या थरात जिरते व तिची उष्णता होते; ढोलावर हात ठेवण्यासारखाच हा प्रकार. दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन चौकटीस घट्ट न आवळता रबरी बैठकांवर अशा रीतीने टांगले की, ते आपल्या नैसर्गिक अक्षाभोवती खुशाल डोलू शकेल. इंजिन डोलले तरी चौकट स्थिर राहू लागली. आपल्याकडील कारागीर या बैठकांना ‘फाउंडेशन’ म्हणतात; पायास हादरण्याची मुभा असणारे हे एकमेव फाउंडेशन असावे. हे तंत्र मुंबईस फार उशिरा पोचले नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास १९४७ पासून याच क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ गाड्या जुळविण्यास प्रारंभ केला होता.

परंतु पुढे आपली वाट वेगळी झाली. कुर्ल्यास फियाट ११०० व तिचीच पुढील रूपे होऊ लागली. १९७० नंतर तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि स्वतंत्र चौकट नसलेला अखंड पोलादी सांगाडा, हे तिचे मूळ रूप पन्नाशीच्या दशकातील होते व ते शतकाच्या अखेरपर्यंत फारसे पालटले नाही. परवाना-पद्धतीत गिऱ्हाइकास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा बाजारात आवाज कमी करण्यावर कोण खर्च करील? याच काळात परदेशी शांतता ही विक्रीची वस्तू झाली होती. १९५८ च्या एका गाजलेल्या जाहिरातीत रोल्स-रॉइसमधील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा दावा होता. मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्या माणसास अशा दाव्याचे हसूच आले असते. तथापि तिच्या दाराच्या खडखडीवरून आणि दांड्यावरील गिअरच्या कुरकुरीवरून मुंबईकर तिला डोळे मिटून ओळखत, हेही खरे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली, तेव्हा मुंबईच्या नादविश्वातून एक परिचित आवाज गेला.

खानदेशासारख्या भागात तर प्रश्न मोटारीचा नव्हता, जीपचा होता. महिंद्र कंपनीने मुंबईत १९४७ मध्ये विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला. पुढे डिझेल स्वस्त म्हणून तिच्यात डिझेल इंजिन आले, आणि त्याबरोबर डिझेलची विशिष्ट ठोक आली. या इंजिनात तेलाचा फवारा सिलिंडरात पडल्यावर तो पेटण्यास क्षणभर विलंब लागतो. तेवढ्यात साचलेले तेल एकदम भडकते, दाब एकाएकी चढतो आणि सिलिंडराच्या भिंतीवर हातोडा बसावा तसा आवाज होतो. १९९७ पासून युरोपात आलेल्या समान-नळीच्या उच्चदाब पद्धतीने हा प्रश्न उगमापाशीच सोडविला : मुख्य फवाऱ्याच्या आधी एक अगदी अल्प फवारा सोडावयाचा, त्याने सिलिंडर तापवून ठेवावयाचा, म्हणजे मुख्य तेल पडताच सावकाश पेटते. आवाजाच्या उगमावरच इलाज झाला, असे जे थोडे प्रसंग या इतिहासात आहेत त्यांपैकी हा एक होय. २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या स्कॉर्पिओतही काही वर्षांनी हे तंत्र आले. विसरवाडीच्या काळ्या-पिवळीस मात्र त्याचा लाभ झाला नाही. ती जुन्या इंजिनावरच चालत राहिली.

इंजिन शांत झाले तेव्हा वारा आणि चाके ऐकू येऊ लागली. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते; वेग दुप्पट झाला तर आवाज सुमारे १८ डेसिबेलने चढतो. म्हणून घाटात जो वारा जाणवत नाही तो सपाटीवरील चौपदरी रस्त्यावर कक्ष भरून टाकतो. भिंत जड केल्याने लाभ होतो, पण तो महाग पडतो : वजन दुप्पट केले तर जेमतेम ६ डेसिबेल कमी होतात. उलट फट फार घात करते. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही जाड असो, २० डेसिबेलहून अधिक आवाज अडत नाही. दाराच्या रबरी बीडिंगचे महत्त्व यात आहे. आधुनिक मोटारीच्या दारास दुहेरी-तिहेरी बीडिंग असते, आणि दार लावताना जो ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो, त्यावरही अभियंते मेहनत घेतात. आवाज घालविणाऱ्या शास्त्राने एखादा आवाज मुद्दाम घडवावा, ही गोष्ट मौजेची खरी.

मोजमापाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मोटारीच्या आतील आवाज कसा मोजावा याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये निघाले. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत प्रतिध्वनिरहित कक्ष आहे व तेथे या चाचण्या होतात. परंतु रूढ ‘ए’ मापनपट्टी खर्जातील आवाजास फार कमी किंमत देते. त्यामुळे घुमणारी गाडी आकड्यात शांत ठरते व प्रवाशाचे डोके मात्र दुखते. केवळ आकड्यांवर विसंबून इतिहास लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आवाजास आवाजानेच मारण्याची कल्पना जर्मनीतील पॉल ल्यूग याने मांडली. १९३६ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. ध्वनीच्या लाटेवर नेमकी उलटी लाट सोडली की दोन्ही परस्परांस खातात. त्या काळच्या उपकरणांना हा वेग झेपणे शक्य नव्हते. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी निसानने हे तंत्र मोटारीत आणले. खर्जातील घूं घूं याने उत्तम मरते. उच्च स्वरांपुढे ते हतबल होते, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात आणि डोके चार बोटे हलले तरी हिशेब चुकतो.

आणि आता विजेची मोटार. इंजिनच गेले, तेव्हा शांततेचा प्रश्न सुटला असे वाटावे. परंतु इंजिनाच्या आवाजाखाली जे झाकले जाई ते सर्व उघडे पडले : चाकाच्या पोकळीतील हवेचा नाद, मोटरचा बारीक सूर, डॅशबोर्डातील कोठली तरी टिकटिक. दुसरीकडे, रस्त्यावरील माणसास ती ऐकू येत नाही म्हणून मंद वेगात तिने कृत्रिम आवाज केलाच पाहिजे, असा नियम २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत झाला. १९०७ साली जो गुण म्हणून गौरविला गेला, त्यास शंभर वर्षांनी धोका म्हणून बंधन घालावे लागले.

आतली शांतता आणि बाहेरचा आवाज यांचा हा हिशेब विसरवाडीसारख्या गावीच नीट मांडता येतो. बंद काचेआड कर्ण्याचा आवाज पोचत नाही, म्हणून मागचा चालक तो अधिक वेळ दाबून धरतो. तो आवाज रस्त्याकाठच्या घरात शिरतो. गावातील बहुतेकांचा प्रवास आजही एस. टी. ने किंवा काळ्या-पिवळीने होतो, म्हणजे ज्या वाहनात खिडकीची काच खडखडते व इंजिन पायाशी असते त्यातून. ज्याने शांतता विकत घेतली तो या गावातून दोन मिनिटांत निघून जातो.

अशी गाडी क्वचित येथे बिघडते तेव्हा गोष्ट वेगळी होते. हमरस्त्यावरील एका गॅरेजात मी थोडा वेळ बसलो होतो. कोठून तरी टक टक येते, पण कोठून ते कळत नाही, अशी तक्रार घेऊन एक नवी मोटार आली. कारागिराने बॉनेट उघडले नाही. त्याने आत बसून चारही काचा खाली केल्या, वातानुकूलन बंद केले आणि समोरच्या लांब दगडी कुंपणास अगदी खेटून गाडी सावकाश पुढे नेली. भिंतीवर आपटून परत येणाऱ्या आवाजाकडे कान लावून तो काही क्षण गप्प राहिला, आणि मग पुढच्या डाव्या चाकाकडे बोट दाखविले.