परक्यांची बाजारपेठ

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावचा दुबईशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. जुन्या चलनाचा इतिहास पाहिला तर मात्र एक मौज आढळते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये. समुद्रापलीकडच्या दुबईत मात्र हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. म्हणजे मुंबईला निघालेल्या गोरेगावच्या शेतकऱ्याला नाणे बदलावे लागे. दुबईच्या मोती व्यापाऱ्याला ती तसदी नव्हती!

दुबई तेलामुळे श्रीमंत झाली, ही समजूत अर्धीच खरी आहे. तिथे तेल सापडले १९६६ साली, बाजार त्याआधीचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणी बंदरांवर जकात वाढली, तेव्हा दुबईच्या शेखांनी आपली जकात माफ केली. इराणी व्यापारी खाडीकाठी येऊन वसले. सिंधी व गुजराती पेढ्याही तिथे होत्या. १९३०च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसवला. तरी परक्या व्यापाऱ्यांच्या बळावर बाजार तगला.

स्वातंत्र्यानंतर भारताने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले. मग दुबईत रुपयांनी घेतलेले सोने गलबतांतून चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरू लागले. त्या रुपयांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला परकीय चलन मोजावे लागे. ही गळती थांबवण्यासाठी १९५९ साली आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने रुपयाचा निरोप घेतला. रुपया परतला, रुपयाच्या देशातील माणसे मात्र त्यानंतर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागली.

१९७०-८० च्या दशकांत आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या पेटीत टेपरेकॉर्डर, घड्याळ, अत्तर, साबण आणि साड्या असत. आपल्याकडे या परदेशी वस्तू दुर्मीळ होत्या. म्हणून देरा भागातील सोनेबाजार किंवा बर दुबईतील मीना बाजार पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची गरज नसे. घरून आलेली यादी असे. भाव ठरवताना तो मनात रुपयांचा हिशेब करी आणि खरेदी करताना विमानात किती किलो नेता येतील याचा.

पुढे बाजारावर छत आले. १९८१ साली अल घुरैर सेंटर उघडले, १९९६ मध्ये खरेदी महोत्सव सुरू झाला, २००५ साली एका मॉलमध्ये कृत्रिम बर्फाची घसरगुंडी झाली आणि २००८ साली प्रचंड दुबई मॉल उभा राहिला. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर असताना हे मॉलच गावचा पार होतात. काही न घेताही माणसे तिथे गारव्याला फिरतात. पण ज्या मजुरांनी या भिंती बांधल्या, त्यांतील बहुतेकांना आतल्या किमती परवडत नाहीत. भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यास बंदी घालणारा नियमही २००५ साली आला.

आपल्या श्रद्धेचाही या शहराशी संबंध आहे. शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ साली सेंट मेरीज चर्च उभे राहिले. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने रविवारची मिस्सा अनेकांना शुक्रवारीच मिळे; मिस्सेनंतर बाजार ठरलेला. २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली.

संयुक्त अरब अमिरातीत दहापैकी जवळजवळ नऊ माणसे परदेशी आहेत. त्यांतील बहुतेकांचा तिथला मुक्काम नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी गेली की व्हिसाही जातो. वर्षानुवर्षे राहूनही माणूस तिथे नागरिक होत नाही; कामगार आणि गिऱ्हाईक एवढीच त्याची ओळख राहते. त्या बाजारात त्याला सारे मिळते, फक्त तो गाव त्याचा होत नाही.

तो ज्या गावाचा आहे, ते गाव तरी त्याला कसे भेटते? १९९१ नंतर आपली बाजारपेठ खुली झाली. त्याच्या पेटीतील बहुतेक वस्तू आज आपल्या तालुक्याच्या दुकानातही मिळतात. तरी सुट्टीवर आलेल्या मुलाच्या चेहऱ्याआधी आपली नजर त्याच्या बॅगेकडे जाते. बाजाराने त्याला गिऱ्हाईक मानले, यात नवल नाही. घरानेही त्याला पुरवठादार मानावे का, एवढेच आपण स्वतःला विचारावे.