शीळ कोणाची?

अतिमंद वारंवारतेच्या रेडिओलहरी ऐकायचा नाद लागला की पहिल्याच रात्री कळतं, इथे कोणी आपलं नाव सांगत नाही. लघुलहरींवर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, बोलायला लागला की आपलं कॉलसाइन देतो. वीस किलोहर्ट्‌झच्या खाली मात्र नुसती गुणगुण, तडतड, चिवचिव, आणि नशिबात असलीच तर वरच्या पट्टीतून खाली उतरत जाणारी एक लांब शीळ. यातला कोणता आवाज कोणाचा हे ओळखायची जी रीत आम्ही हौशी मंडळी आज वापरतो, ती घडायला पाऊणशे वर्षं लागली. ती घडली बहुतेक या एका शिळेचा माग काढताना.

सुरुवात बोस्टनमध्ये होते. 1876 साली ग्रॅहम बेलचा सहकारी थॉमस वॉटसन रात्री टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून तासन्‌तास बसे. तार लोखंडी होती, तिच्यावरून कोणी बोलत नसे, तरी आवाज येत. एक खटका आणि त्यामागून दोन-तीन सेकंदांची खरखर. कधी पाखरासारखी चिवचिव. सूर्यावर स्फोट होत असावेत, नाहीतर दुसऱ्या ग्रहावरून कोणी खुणा करत असावं, असं त्याला वाटलं. वॉटसनच्या हाती आलेली संधी पुढे कोणालाच मिळाली नाही. विजेच्या पुरवठ्याचं जाळं अजून जगात कुठेच पसरलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या तारेत मेन्सची गुणगुण नव्हती. इतकी नितळ पृथ्वी पुन्हा कोणी ऐकली नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

पण रेडिओलहर नुसत्या तारेवर ऐकू कशी येते? या लहरी विद्युतचुंबकीयच, पण सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा कंप पावणाऱ्या. माणसाचा कान ध्वनीची जी कंपनं ऐकतो, तेवढाच त्यांचा आकडा. म्हणून ट्यूनिंग लागत नाही. लांब तार हीच अँटेना. तिच्यात उमटलेला प्रवाह इयरफोनचा पडदा हलवतो आणि लहरीचा थेट आवाज होतो. 1894 च्या मार्चअखेरीस ध्रुवीय प्रकाश दिसला, तेव्हा ब्रिटिश टपाल खात्याच्या तारमास्तरांनीही तारांना टेलिफोन जोडून असे आवाज ऐकले. खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी ते नोंदवून ठेवले. पुढे वीस वर्षं फारसं काही झालं नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिक बार्कहाउझेन यांच्याकडे शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकायचं काम होतं. जमिनीत एकमेकांपासून दूर दोन धातूचे खुंट ठोकायचे, ते निर्वात नळ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे आणि मातीतून झिरपणारं बोलणं टिपायचं. बोलण्याच्या मधेच एक शीळ येई, उंच सुरात सुरू होऊन खाली घसरणारी. काही दिवस तिचा इतका धुमाकूळ चाले की चोरून ऐकणं अशक्य व्हायचं. खंदकातले सैनिक म्हणत, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. त्यांना दोष कसा द्यायचा? डोक्यावरून तसाच आवाज करत गोळे रोज जात होते. बार्कहाउझेन यांनी मात्र तिची नोंद ठेवली. हवामानाशी तिचा काही संबंध दिसतो हे त्यांनी टिपलं आणि 1919 मध्ये ते प्रसिद्ध केलं. शत्रूच्या हालचालींवर डोळा असताना, कामात अडथळा आणणाऱ्या आवाजाची इतकी आस्थेने नोंद घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मार्कोनी कंपनीतल्या टी. एल. एकर्सली यांनी 1935 मध्ये सूर का घसरतो ते गणिताने दाखवलं. शीळ जन्मते विजेच्या कडाक्यातून, आणि कडाका म्हणजे सगळ्या वारंवारतांचा एकच स्फोट. विद्युतभारित वायूतून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना उंच वारंवारता पुढे निघतात, खालच्या रेंगाळतात. गडाच्या पायथ्याहून सगळे एकदम निघाले तरी पोरं आधी वर पोचतात आणि मोठी मंडळी धापा टाकत मागून येतात, तसं. उशीर वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पण सेकंद-दोन सेकंद लांबायला केवढी वाट तुडवावी लागेल! तेवढी वाट आहे कुठे?

हे कोडं केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याने सोडवलं. ओवेन स्टोरी, मार्गदर्शक जे. ए. रॅटक्लिफ. स्टोरीने शिळा मुद्रित केल्या आणि कोणत्या क्षणी कोणती वारंवारता पोचली ते मोजलं. त्याला दोन जाती सापडल्या. एका शिळेआधी खटका ऐकू येई, दुसरीच्या आधी नाही. आणि खटक्यावाली शीळ साधारण दुप्पट लांबलेली. स्टोरीचं उत्तर असं: बिनखटक्याची शीळ दुसऱ्या गोलार्धातल्या विजेची. ती चुंबकीय बलरेषेला धरून अवकाशात वर चढते आणि आपल्याकडे उतरते. खटक्यावाली वीज आपल्याच बाजूची. ती पलीकडे जाऊन, आपटून परत येते, म्हणून वाट दुप्पट. प्रतिध्वनींचे हिशेबही जुळले: एका जातीत 1, 3, 5 पट लांबण, दुसरीत 2, 4, 6 पट. याचा अर्थ जमिनीपासून हजारो किलोमीटर उंचीवरही भरपूर इलेक्ट्रॉन होते. 1953 मध्ये हे छापून आलं, पहिला स्पुटनिक उडायच्या चार वर्षं आधी. जमिनीवर बसून, नुसतं ऐकून आणि मोजून! पुढे अलास्कातलं उनालास्का आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन अशा एकाच बलरेषेच्या दोन टोकांना नोंदी जुळवून पाहिल्या गेल्या आणि स्टोरीचं म्हणणं पक्कं झालं. 1979 मध्ये व्हॉयेजर-1 ने गुरूजवळ हीच शीळ टिपली, तेव्हा तिथेही विजा चमकतात याला तो मोठा पुरावा ठरला.

आता आमच्या हातातली रीत. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि लॅपटॉपचा माइक सॉकेट. 48 किलोहर्ट्‌झने नमुने घेणारं साउंडकार्ड 24 किलोहर्ट्‌झपर्यंतचा रेडिओच असतो. पडद्यावर वॉटरफॉल सरकत राहतो, एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर वारंवारता. स्टोरीने कष्टाने मोजलं ते इथे डोळ्यांपुढे उमटतं. पहिली छाननी सोपी आहे. जागचं हलत नाही ते बहुधा माणसाचं. 50, 100, 150 हर्ट्‌झच्या रेषा म्हणजे महावितरण. 18.2 किलोहर्ट्‌झचा जाड पट्टा म्हणजे तिरुनेलवेलीजवळचं आपल्या नौदलाचं केंद्र. इतक्या लांब लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर शिरतात, म्हणून पाणबुड्यांशी बोलायला त्या वापरतात. अनोळखी रेषा दिसली की चौकट फिरवायची. कोणत्या दिशेला ती फिकी पडते त्यावरून उगमाची दिशा कळते. तरी संशय राहिला तर घराचा मेन स्विच बंद करायचा. निम्मी भुतं मोबाइलच्या चार्जरमध्ये आणि एलईडी दिव्यांत सापडतात. हा त्रास जुनाच आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेला आपलं चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावं लागलं. 1904 पासून तिथे नोंदी होतात.

शीळ महाराष्ट्रात ऐकू येणं फार दुर्मीळ. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिणेला जवळच आहे, त्यामुळे इथल्या बलरेषा ठेंगण्या आणि जवळजवळ आडव्या. शिळेला चढायला वाटच मिळत नाही. गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे भारतीय संशोधकांनी ती मुद्रित केली आहे. आपल्या वाट्याला ‘ट्वीक’ येतात, आणि ते काही कमी नाहीत. रात्री विजेचा ठोका जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यात आपटत दूरवरून येतो तेव्हा ‘ट्यूक्’ असा आवाज होतो, आणि पडद्यावर उभ्या रेघेच्या तळाशी आकडा वळतो. त्या आकड्याचं टोक 1.7 किलोहर्ट्‌झवर टेकलं असेल, तर प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला 3,00,000 किलोमीटर, भागिले 1,700 ची दुप्पट, 3,400. उत्तर 88. त्या रात्री आयनांबराचं छत डोक्यावर सुमारे 88 किलोमीटरवर होतं. पहाट झाली की खालचा थर या लहरी शोषून घेतो आणि ट्वीक विरळ होत बंद पडतात, म्हणून नोंदीत वेळ सेकंदापर्यंत लिहायची, आणि शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या एखाद्या मित्रालाही त्याच वेळी ऐकायला बसवायचं.