तळटीप १४ : तोड्याची बंदूक

१४. तोड्याची बंदूक : लांब नळीत दारू-गोळी ठासायची, कानाशी रंजक घालायचे, चाप दाबला की जळता तोडा (सुती वात, हीच जामगी) रंजकावर टेके. पावसात निकामी. पेंढाऱ्यांच्या धाडींच्या काळात आंजीच्या परिसरातल्या गढ्यांवर राखणीला अशाच बंदुका असत. १८१७-१८ मध्ये पेंढारी मोडले, बंदुका घराघरांत उरल्या. प्रत्येक घर आपली बंदूक ‘सीताबर्डीच्या लढाईतली’ (नोव्हेंबर १८१७) सांगते, ते जपूनच घ्यावे. ईस्ट इंडिया कंपनीचा हृदयाकृती शिक्का असेल, तर ती मूळची चकमकीची फौजी बंदूक, तोड्याची नव्हे. पुढे उल्लेखिलेला ‘परवाना’ १८७८ च्या शस्त्र कायद्याचा. — संपा.